‘मनापासून’ या शब्दापाशी

“आणि मनापासून वाईट वाटलंच नसेल तर?”

विचारणारे होते प्राध्यापक पास्कल तुस्कानो. वय अठ्ठ्याहत्तर. चाळीस वर्षे त्यांनी कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवले. आता ते वसईतल्या आपल्या चर्चमध्ये, पापनिवेदनाच्या जाळीशी गुडघे टेकून बसले होते.

जाळीपलीकडे फादर दियोग मच्याडो. सरांहून सहा वर्षांनी मोठे.

“नरकाच्या भीतीने वाटलं तरी चालतं, सर. चर्चने तेवढी सोय ठेवली आहे.”

“भीतीसुद्धा खरी नसेल तर?”

“तर हळू बोला. मागे रांग आहे.”

“तुम्हाला ऐकू येतं ना, फादर?”

“कमी येतं. म्हणून तर रांग आहे.”

सर हसले नाहीत.

संध्याकाळी सहा वाजता मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, होती. त्यांची पत्नी मार्था हिच्या पहिल्या स्मृतिदिनाची. या वर्षभरात सरांनी एकदाही कम्युनियन घेतले नव्हते. सगळे प्रभूच्या भोजनातली ती पवित्र भाकर घ्यायला वेदीकडे जात, सर बाकावर बसून राहत. “पप्पा, आज तरी याल ना?” असे मुलीने सकाळीच विचारले होते.

“पाप तेच?” फादरांनी विचारले.

“तेच. ती अंथरुणाला खिळलेली. त्या दिवशी तिसऱ्यांदा चादर बदलताना मी म्हणालो, ‘मार्था, आता सोडव गं मला.’ आठ दिवसांनी ती गेली.”

“याची क्षमा तुम्हाला अकरा वेळा दिली. बारावी देणार नाही.”

“म्हणजे... मी पात्र नाही?”

“म्हणजे पहिलीच पुरली होती.”

“नाही पुरली, फादर. पश्चात्तापाच्या प्रार्थनेत ‘मनापासून’ हा शब्द येतो. तिथे पोचलो की मी आत बघतो. खरंच वाटतंय का, म्हणून. आणि आत फक्त बघणारा बसलेला असतो.”

“मार्थाबाईंची माफी मागितली होती?” फादरांनी विचारले.

“त्याच दुपारी. खुर्ची ओढून तिच्याजवळ बसलो.”

“काय म्हणाल्या?”

“वाचा गेली होती तिची. डोळ्यांनी टेबल दाखवलं.”

“टेबल?”

“शेजारच्या फिलूने माझं जेवण आणून झाकून ठेवलं होतं.”

“जेवलात?”

“कसा जेवणार? बोलणं पुरं व्हायचं होतं माझं. मी तसं का म्हणालो, त्यात थकवा किती आणि दुष्टपणा किती, हे तिला नीट सांगत होतो.”

“आणि त्या?”

“तिने पुन्हा टेबल दाखवलं.”

“मग?”

“मी बोलत राहिलो... तिचा डोळा लागला. ताट संध्याकाळपर्यंत तसंच होतं.”

जाळीपलीकडून आवाज आला नाही. फादरांना ऐकूच गेले नसावे, असे सरांना वाटले. मग वाटले, आपणच पुन्हा कुठेतरी कमी पडलो.

बाहेर मिस्सेची घंटा झाली.

सरांनी घाईने हात जोडले. घसा साफ केला. “हे माझ्या परमेश्वरा, मी तुझा अपराधी आहे. मला मनापासून...”

ते थांबले. नेहमीच्या जागी.

पलीकडे खुर्ची करकरली. काठी टेकत फादर वळसा घालून त्यांच्या बाजूला आले. रांगेतल्या बाया बघू लागल्या. फादरांनी वाकून सरांच्या काखेत हात घातला.

“फादर, माझी प्रार्थना अजून...”

“उठा, सर,” फादर म्हणाले. “वाढलंय.”