येसू झोऱ्यानं साहेबाची डोली टेकवली नाही

लई मागली गोष्ट आहे. उंबरसड्याला तेव्हा पायवाट होती, रस्ता नव्हता. डोंगराच्या माथ्यावर धनगरांची घरं, माणसांपेक्षा म्हशी जास्त, आणि मोटार बघायची तर अख्खा घाट उतरून खाली पेठेत जायचं. आताची पोरं मोटारीतून थेट दारात उतरतात आणि वर कुरकुरतात की खड्डे लागले. त्यांनी तर ऐकावंच.

वाडीत येसू झोरे म्हणून एक गडी होता. दाराची चौकट त्याला वाकून ओलांडावी लागे, असं म्हणतात. त्यात काय, आमच्या चौकटी होत्याच बुटक्या. पण खांदा मात्र त्याचा कातळाचा. कोणी आजारी पडलं की बांबूला घोंगडी बांधायची, त्यात माणूस निजवायचा आणि खालचा दवाखाना गाठायचा. ही आमची डोली. पुढचा खांदा कायम येसूचा. आणि एक रीत होती, जित्या माणसाची डोली वाटेत भुईला टेकवायची नाही. टेकली की भुई ते माणूस मागून घेते. म्हणून खांदेकऱ्यांनी बदलायचं ते चालता चालता.

येसूची बायको भागी बाळंतपणात अडली. येसूनं डोली टेकवली नाही, तरी ती निम्म्या घाटात गेली. पोटातलं पोरही गेलं. त्या दिवसापासून येसूचं एकच, वाडीला रस्ता पाहिजे. पेठेत जाऊन कचेरीच्या पायरीवर बसायचा. हाकलला की दुसऱ्या पायरीवर बसायचा.

शेवटी रस्त्याचा साहेब बघायला आला. पोट सुटलेलं, घाट चढवेना. पायथ्यालाच बसला आणि म्हणाला, डोली आणा. धडधाकट माणूस डोलीत बसलेला वाडीनं कधी पाहिला नव्हता. पण गरज आमची, आणला वाहून.

वर येऊन साहेब ताक प्याला, मिशा पुसल्या आणि म्हणाला, "एवढ्याशा वाडीसाठी डोंगर फोडत नसतात. तुम्हीच खाली या. जागा देतो. शाळा आहे, वीज येणार आहे."

निम्मी वाडी माना डोलवायला लागली. ते काही मूर्ख नव्हते. त्यांत पुढं येसूचाच भाऊ, धाकलू.

"दादा, खरं हाय त्यांचं. वैनी गेली तशी माझी बायको घालवू काय?"

"आन् म्हशी?"

"इकू."

"इकल्यावर तू कोण रं?"

धाकलू पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिला. येसू साहेबाला म्हणाला, "बसा डोलीत, पोचवतो." मागचा खांदा धाकलूचा. अर्धा घाट उतरला आणि येसूनं खाली जायचं सोडून डोली आडवी वळवली, डोंगराच्या कुशीनं.

"अरे, वाट तिकडं आहे!"

"साहेब, आमच्या डोलीत बसतो तो आजारी. बरा झाल्याबिगर टेकवत न्हाई आमी."

"मला काय झालंय?"

"रस्ता दिसत न्हाई तुमास्नी."

धाकलूला हे पटलं नव्हतं. पण डोलीला दिलेला खांदा मधेच काढायचा नसतो. तो दात खाऊन चालला. साहेब ओरडला, फौजदाराला सांगतो म्हणाला. येसू म्हणाला, "सांगा की. पर त्यो वर यील कसा?" तेव्हा धाकलूलाही हसू फुटलं.

मग वर, मग खाली, मग पुन्हा आडवं. वाडीतली माणसं येऊन खांदा देत गेली, बायकासुद्धा. येसूनं मात्र पुढचा खांदा सोडला नाही. त्याचं पाऊल पडेल तिथला कातळ लोण्यासारखा दबला, असं म्हणतात. धोंडी आपणहून बाजूला सरकल्या. वाळलेल्या बांबूला हिरवी पानं फुटली. किती दिवस चालले ते जो तो वेगळं सांगतो. साहेबाला लघवीला लागली आणि त्यानं हात जोडले, असंही म्हणतात. असेल. साहेब झाला तरी माणूसच.

पण आमच्याकडं सांगतात ते असं. फिरता फिरता डोली पुन्हा निम्म्या घाटात आली आणि येसूचं पाऊल मंदावलं. साहेबानं विचारलं, "इथं आलास की हळू का होतोस?"

"हितं माझी बायकू गेली. ह्याच घोंगडीत."

साहेबानं अंगाखालची घोंगडी चाचपली. मग म्हणाला, "वर ने मला. तुझ्या देवाकडं ने."

बिरोबापुढं त्यानं हातावर भंडारा घेतला आणि शब्द दिला. तेव्हा कुठं डोली भुईला टेकली.

शब्द त्यानं पाळला, पण त्याच्या वरच्या साहेबांनी वाटेतल्या ओढ्याशीच काम थांबवलं. तिथून वर वाडीनं खणलं. पहिली पहार धाकलूची. म्हणाला, "खाली जायचंच हाय मला, पर मोटारीतनं. आन् सांजला परत यायचं." दोन्ही भाऊ खणत राहिले आणि रस्ता माथ्याला भिडला.

पहिली मोटार आली ती शेवटच्या चढाला चिखलात रुतली. येसू मागून गेला, खांदा लावला आणि हुंकार दिला. त्या आवाजानं माथ्यावरच्या साऱ्या म्हशींनी माना वर केल्या, असं म्हणतात. मोटार वर आली. सगळे नाचले. मागं बघतात तर येसू नाही. चिखलात दोन टाचा उमटलेल्या, बास. दरीत शोधलं, रानात शोधलं. काही सापडलं नाही.

त्या चढाला येसूचा खांदा म्हणतात. आजही गाडी तिथं आली की आजारी माणूस आत राहतो, बाकीचे सगळे उतरतात आणि गाडीला खांदा लावून चढ पार करतात. गाडी रुतलेली असो नसो. नवरी असली तरी उतरते, आमदार असला तरी उतरतो.

परवा एक नवा ड्रायव्हर आला. म्हणाला, "आजी, इंजिनात ताकद हाय, कशाला उतरताय?"

धाकलूची नात पारूबाई गुडघे धरत उतरत होती. म्हणाली, "इंजिनात हाय रं. तुज्यात हाय का बघू. चल, उतर."

उतरला.