कुंचला आणि पातळ रंग

हत्यारं माणसाच्या हातात राहत, पण चालत आपल्याच मनानं, त्या काळातली ही गोष्ट. भागीरथी नावाच्या चितारणीची लेक नदीत बुडाली. लेकीचा एकही फोटो नव्हता. चेहरा विसरण्याआधी तो फळीवर उतरवायला भागीरथीनं ॲक्रिलिकचे रंग काढले.

"रंग घट्ट वाटला तर मला मिसळून घे," बाटलीतलं मीडियम कुंचल्याला म्हणालं. "मी त्याला फळीशी धरून ठेवीन. नुसत्या पाण्यानं त्याची पकड सुटेल."

"तू चिकट आहेस. माझे केस जड होतात," असं म्हणून कुंचला दर वेळी पाण्यातच बुडाला. रंग भराभर पसरला आणि संध्याकाळपर्यंत लेक फळीवरून हसू लागली.

भागीरथी रोज तिच्याशी बोलायची. दोन वर्षांनी एकदा भांडी घासून आली आणि ओल्या हातानंच तिनं लेकीचा गाल कुरवाळला. गाल तळहातावर उतरला. घाबरून ती सावरायला गेली, तर डोळेही पुसले गेले.

"बाई, पुन्हा रंगवू," कुंचला रडत म्हणाला. "आता मीडियम घेतो."

"कुणाला रंगवू?" भागीरथी म्हणाली. "दोन वर्षं मी या फळीकडेच बघत होते. त्याआधीची माझी लेक मला आता आठवत नाही."