विणकराचा दिवस

एकदा एका विणकराला त्याच्या व्यापारी मालकाने कामावरून काढले. अपराध एवढाच, की वर्षभर तो सकाळी मागावर वेळेत बसत नव्हता. वैद्याने मनाचा आजार सांगितला होता; मालकाला तो पटेना. आजारापायी कुणाची रोजी तोडू नये, असा त्या नगरीचा नियम. म्हणून तंटा न्यायनिवाडा करणाऱ्या वृद्ध माईंकडे आला.

चारचौघांत नीट दिस, असे भावाने बजावल्यामुळे विणकर न्हाऊन, धुतलेले धोतर नेसून आला होता. व्यापारी म्हणाला, "बघा, कुठे काय झालंय याला? उदास तर मीही होतो."

माईंनी विणकराला काहीच विचारले नाही. त्याच्या बायकोला विचारले, हा उठतो कधी, जेवतो का, लेकरांशी बोलतो का. ती मान खाली घालून सांगू लागली. ऊन डोक्यावर येईतो तो भिंतीकडे तोंड करून पडलेला असतो. घास भरवावा लागतो. आजची अंघोळसुद्धा तिनेच घातली होती. थोरलीचे लग्न ठरले, तरी तोंडातून शब्द नाही.

माईंच्या शिष्याला हे रुचले नाही. तो हळूच माईंना म्हणाला, घरची अब्रू अशी चव्हाट्यावर का आणावी?

मग माईंनी तेच प्रश्न व्यापाऱ्याला विचारले. "शेटजी, उदास झालात की जेवण सुटतं?"

"सुटेल कसं?"

"दुकान?"

"एक दिवस बंद नाही."

"अंघोळ कोण घालतं?"

"माझी मी करतो, बाई."

लोक हसले. व्यापारीही हसला, आणि मध्येच विणकराकडे बघून ओशाळला.

माई शिष्याकडे वळल्या. "आजाराचं नाव वैद्य सांगतो. त्या आजारानं माणसाचं काय काय हिरावलं, ते घरचेच सांगणार. लाजेपोटी तेच झाकलं, तर मी निवाडा कशाच्या बळावर द्यायचा? शेटजींची उदासी त्यांच्यासोबत दुकानात जाते. याची याला अंथरुणातून उठू देत नाही."

व्यापारी पुटपुटला, पण सकाळी माग रिकामा राहतो त्याचे काय?

"दुपारी बसू द्या. यानं विणलेलं लुगडं कधी खोट निघून परत आलंय?"

कधीच आले नव्हते. व्यापाऱ्याने मान डोलावली. विणकराला त्याचे काम परत मिळाले.

बाहेर पडताना बायको नवऱ्याकडे बघायला धजेना. तोच हळूच म्हणाला, "बरं झालं, तू सांगितलंस. मला सांगता येत नव्हतं." आणि कितीतरी दिवसांनी तिने मोकळा श्वास घेतला.

उदास कोण होत नाही, असे म्हणण्याआधी समोरच्याचा दिवस कसा जातो, तेवढे विचारावे. विचारायला काही पैसे पडत नाहीत.