रंगलेले हात, झाकली मूठ

"बास! उद्यापासून या शाळेत माझे हत्ती राहतील!"

खडकगडचे राजे धैर्यशीलराव खांबावर मूठ आपटून गरजले, आणि पंतोजींच्या हातातली छडीच गळून पडली.

झालं होतं असं. राजे आले होते उजळणी घ्यायला. पण प्रश्न विचारायचा अवकाश, दिवाणांचा बहिर्जी ताडकन ओरडायचा, "मी सांगतो, मी सांगतो!" आणि सांगून मोकळा व्हायचा. बाकीची पोरं भिंतीवरच्या पालींसारखी गप्प. त्यांना येत होतं की नव्हतं, देव जाणे!

"एक पोपट बोलतो म्हणून मी अख्खं झाड पोसू?"

"महाराज, एक संधी द्या..." पंतोजी काकुळतीला आले.

"दिली! उद्या सकाळी पोरांच्या दोन फळ्या करा आणि उजळणीचा खेळ लावा. प्रत्येक प्रश्नाला सगळ्या पोरांनी एकदम उत्तर द्यायचं. पण तोंडातून हूं की चूं नको! पाटी नको, लेखणी नको, हातात काडीसुद्धा नको! जागचं उठायचं नाही. आणि कोणाला येतं, कोणाला नाही, ते मला एका नजरेत कळलं पाहिजे. जमलं तर शाळा, नाही तर हत्ती!"

दिवाण मिशीतल्या मिशीत हसले. का हसणार नाहीत? हत्तींच्या वैरणीचा मक्ता त्यांच्याच मेव्हण्याकडे होता!

शेवटच्या रांगेतली शेवंता मात्र हसली नाही. ही रंगाऱ्याची पोर. 'पोरीच्या जातीला शाळा कशाला?' म्हणणाऱ्या सगळ्या गल्लीला ठेंगा दाखवून ती इथवर आली होती. आता कुठे जोडाक्षरं जुळायला लागली होती, आणि तिच्या जागेवर हत्ती लीद टाकणार? तिच्या अंगाची लाही लाही झाली.

"फुरंगटतेस काय? आधी हात धू ते, सरडे!" बहिर्जीने टोमणा मारला.

शेवंताने आपल्या हातांकडे पाहिलं. बापाच्या रांजणांत बुचकळून बुचकळून ते कायमचे रंगीबेरंगी झालेले. पाहता पाहता तिचे डोळे लकाकले.

"धुवत नाही, जा! उलट तुझेच रंगवते!" आणि ती पंतोजींकडे धावली. "गुरुजी, उद्या कोंबडं आरवलं की झाडून सगळ्यांना आमच्या अंगणात धाडा!"

दुसऱ्या दिवशी पोरं मांडी घालून, हात मांडीत लपवून बसली. समोर राजे, त्यांच्या दोन्ही राण्या आणि दिवाण. बहिर्जीच्या फळीने आधीच 'हत्ती' हे नाव पटकावलं होतं. "मग आम्ही मुंग्या!" शेवंता म्हणाली.

राजांनी विचारलं, "हात रिकामे आहेत ना?"

"अगदी रिकामे, महाराज. फक्त रंगलेत!" शेवंता उत्तरली.

सगळे हात वर झाले. प्रत्येकाच्या उजव्या तळव्यावर मंजिष्ठेचा लाल ठिपका, पालथ्या बाजूला हळदीचा पिवळा. डाव्या तळव्यावर हिरवा, पालथ्या बाजूला निळा!

"तुम्ही एका प्रश्नाची चार उत्तरं सांगा, एकेका रंगाचं एकेक. तुमचा रुमाल खाली पडला की ज्याला जे खरं वाटेल, तो रंग वर!"

राजांनी रुमाल उचलला. "'सासू'चं अनेकवचन? लाल 'सासू', पिवळं 'सासवा', हिरवं 'सासूबाया', निळं 'सासरे'!"

रुमाल पडला. भर्रकन हात वर! निम्मे पिवळे, बाकी नुसता शिमगा.

"एक सासू झेपत नाही, यांना अनेकवचन कुठून येणार!" राजे खो खो हसले. "आणि तो निळा कोण रे? सासूचे सासरे केलेस? पंतोजी, हे पुन्हा शिकवा!"

राजांना चेवच चढला. पाढे झाले, नद्या झाल्या, म्हणी झाल्या. कधी हत्ती पुढे, कधी मुंग्या. तेवढ्यात राजे कडाडले, "थांब! बहिर्जी, तुझा लाल होता, शेजाऱ्याकडे पाहून पिवळा कसा झाला?"

बहिर्जीची मान खाली.

"दिवाणजी, चिरंजीव रंगेहाथ सापडले!"

दिवाणांच्या मिश्या उतरल्या, पण हट्ट सोडतील तर ते राजे कसले! "दोन्ही फळ्या बरोबरीत. आता शेवटचा प्रश्न. उत्तर पटलं नाही तर हत्ती आत! या राज्यात सगळ्यांत शहाणं कोण? लाल मी, पिवळी थोरली राणी, हिरवी धाकटी राणी, निळे दिवाण!"

दोन्ही राण्या सावरून बसल्या. दिवाणांनी डोळे वटारले. रुमाल पडला. एकही हात हलेना! कोणालाही निवडा, उरलेले तिघे खाऊ की गिळू!

मग एकच हात वर आला. शेवंताचा. उजवा. पण मूठ घट्ट मिटलेली!

"हा कुठला रंग? बोल, आता तोंड उघडायची परवानगी आहे!"

"तोंड उघडते महाराज, मूठ नाही उघडत. झाकली मूठ सव्वा लाखाची! उघडली तर आज रात्री वाड्यात कोणाच्या ताटात काय पडेल, सांगता येत नाही!"

थोरल्या राणीने तोंडाला पदर लावला. धाकटी फिस्सकन हसली. राजे हसू दाबत म्हणाले, "मोठी आली सव्वा लाखवाली! माझा हत्ती तर मेला तरी सव्वा लाखाचा असतो!"

"तो मेल्यावर, महाराज! माझी मूठ जित्तेपणीच सव्वा लाखाची. मग शाळेत कोणाला ठेवायचं, तुम्हीच सांगा!"

राजे असे हसले, असे हसले की पागोटं सुटून गळ्यात आलं. "हरलो! पोरी, शाळा तुमची! हत्तीखान्यासाठी काढलेलं लाकूडही इथंच आणा, नवी माडी चढवा! आणि आज गावभर हत्तीवरून साखर वाटा!"

"वाटणार कोण, महाराज?" दिवाणांनी पडेल आवाजात विचारलं.

"मुंग्या!" राजे ओरडले. "साखरेवर पहिला हक्क त्यांचाच! चढ गं शेवंता, आणि आता तरी ती मूठ उघड, साखर कशात घेशील?"