जाळीखालचा लसूणघास

हे सारे मी सांगतो आहे तसेच घडले का, याची खात्री मला आता देता येत नाही. थंडी नक्की होती. बाकीच्यात माझ्या सोयीचे काही मिसळले गेले असेल, तर वाचकांनी क्षमा करावी.

निफाडकडच्या एका खेड्यात एकदा एक वृद्ध गृहस्थ परसात चौदा गावरान कोंबड्या पाळून होते. सारे त्यांना आबा म्हणत. कोंबड्यांचा तो वाण त्यांच्या दिवंगत पत्नीने जोपासलेला. संक्रांतीनंतर आबांना मुलीकडे कायमचे राहायला जायचे होते. कोंबड्या खाटकाच्या हाती पडू नयेत, कोणीतरी त्या नीट सांभाळाव्यात, एवढीच त्यांची इच्छा होती, आणि तसा माणूस ते शोधत होते. शेतीची पदवी नुकतीच घेतलेला एक तरुण त्यांच्याकडे शिकायला आला. तो तरुण मीच.

“पदवीच्या पुस्तकात कोंबडी कितव्या पानावर येते रे?” त्यांनी पहिल्याच दिवशी विचारले.

“आमच्याकडे फक्त पिकं होती, आबा.”

“मग बरंय. कोंबडी जे खाते तेवढं तरी तुला येत असेल.”

थंडीत परसातले हिरवे गवत वाळते. म्हणून आबा दिवाळीनंतर एका वाफ्यात लसूणघास हा हिरवा चारा पेरीत आणि त्यावर वीतभर उंचीची जाळीची चौकट ठेवीत. जाळीतून जेवढा पाला वर येई तेवढाच कोंबड्या टोचत. मुळापर्यंत त्यांचे पाय पोचत नसत. मला हा कद्रूपणा वाटे.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी आबा बाजाराला गेले. गारठ्याने पिसे फुगवलेल्या कोंबड्या जाळीतून चोची खुपसत होत्या. मला राहवले नाही. मी चौकट उचलून बाजूला ठेवली. थोड्याच वेळात पाला संपला. मग त्यांनी माती उकरली, मुळे उपटून उन्हात पसरली. हाकलता हाकलता मी दमलो. एक तर खुशाल त्याच मातीत अंग घोळवत बसली.

आबा आले. हातातली पिशवी त्यांनी खाली ठेवली. मग त्यांनी उघड्या मातीवर चौकट होती तशी ठेवली आणि म्हणाले, “कोंबड्या तू ने.”

मला तो टोमणा वाटला. “चुकलो, आबा. थट्टा नका करू.”

“थट्टा कशाची? तुझ्याआधी तिघं येऊन गेले. तिघंही म्हणाले, आम्ही जाळीला हात लावणार नाही. अरे, त्यांना दया आलीच नव्हती, मग हात कशाला शिवशिवेल? तुला दया आली, आणि नुसत्या दयेनं काय होतं तेही तू डोळ्यांनी पाहिलंस. आता भुकेल्या चोचीसमोर तूच हात आवरशील. कोंबडी उकरणारच, तिला काय बोल लावायचा? वाफा मी पुन्हा पेरीन.”

मी नाही म्हणालो. ज्याला एक वाफा राखता आला नाही, त्याने चौदा जीव कोणत्या तोंडाने न्यावेत? आबांनी आग्रह केला नाही. “विचार कर, मी आहे इथंच,” एवढेच म्हणाले. संध्याकाळच्या एसटीने मी निघून आलो.

त्या नकाराला मी कित्येक वर्षे विनय समजत होतो. आपली चूक आपण फार मोठी मानतो, तेव्हा क्षमा करणाऱ्याचा शब्द खोटा ठरवीत असतो, हे उमगायला म्हातारपण यावे लागले.

पुढे फार उशिरा त्यांच्या मुलीचा पत्ता मिळाला. आबा तेव्हा हयात नव्हते. ती म्हणाली, “संक्रांतीला न्यायला गेले, तर म्हणाले, थांब, एक जण यायचाय. कोण ते सांगेनात. कोंबड्या मागायला दोन घरची माणसं आली, त्यांनाही परत पाठवलं.” मी तिला पुन्हा विचारून खात्री करून घेतली. आबा होळी उलटून गेल्यावर मुलीकडे राहायला गेले, आणि चौदाही कोंबड्या त्याच आठवड्यात बाजारात विकल्या गेल्या.