पहिला सूर

वाघेरीच्या नगरपरिषदेत जुन्या जलतरण तलावाच्या नूतनीकरणाचा प्राथमिक आराखडा आला. तलावाखाली गाड्या लावायची सोय करायची होती, म्हणून पाणी फक्त तीन फूट. मग पोरं पोहायला कुठं शिकणार, असं कुणी विचारलं की नगराध्यक्ष रावसाहेब खराडे म्हणत, "माणसाला तीन फूट पाणी पुष्कळ झालं."

नगरसेविका इंदुताई घोरपडे उठल्या. "माझा पाठिंबा आहे. फक्त रीत मोडू नये. दर उन्हाळ्यात फळीवरून पहिला सूर नगराध्यक्ष मारतात. उद्घाटनालाही त्यांनीच मारावा."

रावसाहेब खुलले. त्या सुराचा फोटो दरवर्षी पेपरात यायचा. "मारणारच," ते म्हणाले. "इतिवृत्तात तसं लिहून घ्या."

लिहून झाल्यावर इंदुताईंनी आर्किटेक्टला विचारलं, "फळी किती उंच ठेवलीय?"

"आहे तीच. दहा फूट."

 रावसाहेबांनी आराखडा पुढे ओढून तीन फुटांच्या आकड्यावर बोट ठेवलं.

"आराखडा प्राथमिकच आहे," ते म्हणाले. "तलाव होता तेवढाच खोल ठेवा."

"मग गाड्या?" आर्किटेक्टनं विचारलं.

"राहतील बाहेर उभ्या," इंदुताई म्हणाल्या. "त्यांना कुठं सूर मारायचाय."