माजी साहेबांची खुर्ची

सुट्टीत लांबची सहल झेपेना, म्हणून सुमतीबाई सासूला आणि दोन्ही लेकींना घेऊन गावच्या संग्रहालयात आल्या. बघतात तर काय, संस्थानिकांच्या चांदीच्या खुर्चीत एक गृहस्थ ऐसपैस बसून फोटो काढून घेतायत!

"जरा उठता का? पोरींना खुर्ची बघायचीय," सुमतीबाई म्हणाल्या.

गृहस्थ उखडले. "मला ओळखत नाही? मी माजी नगराध्यक्ष! वॉचमन, यांना बाहेर काढ!"

वॉचमनची पंचाईत झाली. सुमतीबाईंनी मात्र लगेच हात जोडले.

"अगंबाई, माजी का? मग बसा हो निवांत. इथं सगळं माजीच मांडून ठेवलंय. पोरींनो, हात लावू नका गं, लांबूनच बघा!"

साहेब ताडकन उठले. निवडणुकीनंतर त्यांची खुर्ची ही अशी दुसऱ्यांदा गेली.